कुटुंबाचं कल्याण म्हणजे कोणाचं?



मराठीत 'कुटुंब' या शब्दाचा एक जुना अर्थ 'बायको' असा आहे. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं जुन्या पिढीतला पुरुष म्हणायचा, तेव्हा सगळं घर माहेरी गेलंय असं कोणी समजत नसे. पुढे १९७७ साली, आणीबाणी उठल्यावर, सरकारने 'कुटुंबनियोजन' हे बदनाम झालेलं नाव टाकलं आणि 'कुटुंबकल्याण' हे नाव घेतलं. आज आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया' म्हटली की ती कोणाची, हे विचारावं लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा देशभरातला आकडा असा आहे : ३७.९ टक्के विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली होती आणि ०.३ टक्के जोडप्यांत पुरुषाची. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची, बिनटाक्याचीही होते. तरी टेबलावर झोपते ती बाई. म्हणजे कल्याण सगळ्या कुटुंबाचं, आणि ते करायचं कोणी, तर जुन्या अर्थाच्या 'कुटुंबा'ने.

या जोडप्यांनी निर्णय घेण्याआधी एकमेकांशी बोलणं केलं असेल का? बहुतेकांनी केलंही असेल. 'डॉक्टरीणबाई म्हणतात ऑपरेशन करून घे.' 'बरं.' हेही बोलणंच. या लेखात मला अशाच बोलण्याबद्दल लिहायचं आहे.

सध्या नवरा-बायकोच्या संवादाला फार चांगले दिवस आले आहेत. सहजीवनाची शिबिरं होतात, विवाहपूर्व मार्गदर्शन होतं, 'एकमेकांच्या विकासाला वाव द्या' असं व्याख्यानांतून सांगितलं जातं. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा दांपत्य समुपदेशन आम्हालाही शिकवलं होतं. डोळ्यांत बघून ऐका, 'तू नेहमी असंच करतोस' म्हणू नका, स्वतःच्या भावना सांगा. यात चूक काही नाही. पण गावोगावच्या बैठकांत बसल्यावर एक गोष्ट दिसते. संवादाच्या या सगळ्या शिकवणीत बोलावं कसं ते सांगितलेलं असतं. बोलून झाल्यावर निर्णय कोणाचा, हे कोणी सांगत नाही. तो तसाच राहतो, आणि तसाच राहिला की तो ज्याचा आधीपासून होता त्याचाच राहतो. गोड बोलणारा नवरा आणि कडू बोलणारा नवरा यांत फरक आहेच, तो कमी लेखू नये. पण बाईच्या 'नको'ने जर काहीच थांबणार नसेल, तर त्या गोड बोलण्याला मी संवाद म्हणणार नाही. तिला फक्त नीट कळवलं गेलं, इतकंच.

आमच्या या दोन जिल्ह्यांत सहजीवनाचे आदर्श शोधायला लांब जावं लागत नाही. वरोऱ्याला आनंदवनात बाबा आणि साधनाताई आमटे, हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, गडचिरोलीजवळ शोधग्रामला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग. शाळेच्या गॅदरिंगपासून महिला दिनाच्या भाषणांपर्यंत ही नावं घेतली जातात, आणि ती घ्यावीत अशीच आहेत. पण ती घेताना आपण वाक्य कसं बोलतो ते ऐका : 'त्या पतीच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या.' साधनाताईंनी आत्मचरित्राला नाव दिलं 'समिधा'. समिधा म्हणजे यज्ञात घालायची लाकडं. त्यांनी ते स्वतः निवडलं, त्यामागे त्यांचा आनंद आणि अभिमान असेल, त्यावर आपण टिप्पणी करू नये. आपला प्रश्न जगाला विचारायचा आहे. १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्या बाबांना. २००८ साली तोच पुरस्कार हेमलकशाला आला तेव्हा तो प्रकाश आणि मंदाकिनी अशा दोघांच्या नावाने आला. बंग दांपत्यालाही २००३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०१८ ची पद्मश्री हे सन्मान जोडीने मिळाले. 'पाठीशी' पासून 'शेजारी' इथवर यायला या दोन जिल्ह्यांत इतकी वर्षं लागली, आणि तीही डॉक्टर झालेल्या, नाव झालेल्या बायकांच्या बाबतीत. ज्या बाईचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठे लिहिलेलं नाही, तिचं काय?

माझ्या घरचंही थोडं सांगते. आम्ही दोघंही संस्थांमध्ये काम करणारे, दोघंही शिबिरात 'व्यक्तिमत्त्व विकास' घेणारे. नवऱ्याला बाहेरगावच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा घरात सगळ्यांनी विचारलं, 'केव्हा निघायचं?' मला आलं तेव्हा विचारलं, 'मग मुलीचं कसं?' दोन्ही प्रश्न प्रेमानेच विचारलेले होते. पण एका प्रश्नात त्याची वाढ म्हणजे घराची वाढ होती, आणि दुसऱ्या प्रश्नात माझी वाढ म्हणजे घराची अडचण होती. आमच्या सगळ्या बोलण्याची सुरुवात या दोन प्रश्नांतल्या फरकापासून करावी लागली.

जंगलातल्या गावात तर बोलायला बसण्याआधीच चार गोष्टी आडव्या येतात.

पहिली वेळ. चैत्रात बाई पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला निघते, त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम, पावसात रोवणी, आणि वर्षभर पाणी, सरपण, चूल. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं ते करताना दिसल्या; पुरुषांपैकी २६ टक्केच घरकामाला हात लावत होते, आणि जे लावत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं होती. 'रोज अर्धा तास एकमेकांसाठी काढा' असं शिबिरात सांगतात, तेव्हा तो अर्धा तास कोणाच्या झोपेतून निघणार आहे हे विचारलं पाहिजे.

दुसरी गोष्ट शरीर. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता, बाईमागे सरासरी ३.६ आजार निघाले. आणि आधी कधी तपासून घेतलेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. या आकड्याकडे आपण आरोग्याचा आकडा म्हणून पाहतो. मला त्यात न झालेलं बोलणंही दिसतं. वर्षानुवर्षं एका छताखाली राहायचं आणि अंगावर पांढरं जातं, कंबर मोडते, रात्री नको वाटतं, हे ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगता येत नाही. एका बैठकीत मी विचारलं, 'घरी सांगत का नाही, बाई?' एक मावशी म्हणाली, 'सांगून काय होते, माय? तो म्हनते, सगळ्या बायाईले होते.' तिने सांगितलं होतं. त्याने ऐकलंही होतं. त्यापुढे काही झालं नाही.

तिसरी गोष्ट संध्याकाळ. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, त्यातही बायकांनी, लढून मिळवली. चंद्रपूरच्या बायकांनीही मोर्चे काढले, उन्हातान्हात पायी चालल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आणली. २०२१ साली राज्य सरकारने ती उठवली. बंदीमुळे महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती आली, यावर पुष्कळ छापून आलं. बायकांचं मागणं मात्र साधं होतं. दिवसभर राबून आल्यावर शुद्धीवर असलेला माणूस घरात हवा. ज्याच्याशी दोन शब्द बोलता येतील, असा. दारूबंदीचा लढा हा आपल्याकडचा नवरा-बायकोच्या संवादासाठी झालेला सगळ्यात मोठा लढा होता, असं मला वाटतं, आणि तो अजून संपलेला नाही.

चौथी गोष्ट कागद. शेताचा सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, ते अनेक गावांनी केलंही. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ४(४) ने तर स्पष्टच म्हटलं की विवाहितांचा वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावाने नोंदवला जाईल. नाव कागदावर आलं की बाईच्या आवाजात फरक पडतो. पण तो पट्टा अनेक घरांत पेटीत कुलूपबंद असतो आणि किल्ली नवऱ्याच्या करगोट्याला. तिला विचारलं तर म्हणते, 'माहा नाव हाय म्हनतात, मी पाह्यला नाई.'

मग करायचं काय? यावरचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघून सुचलं. मेंढ्याबद्दल आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, आणि त्यांच्यासोबत शिकत राहिलेले 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे दोन गोष्टी रुजवल्या. एक, अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा. अभ्यासगटात बसायचं ते फक्त समजून घ्यायला. तिथे ठराव होत नाही, म्हणून तिथे जिंकायचं-हरायचंही नसतं. दुसरी, निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. बहुमताने नाही. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. याला वेळ लागतो. पण एकट्या माणसाच्या 'नाही'ला तिथे वजन आहे.

आता घराचा विचार करा. घरात दोनच मतं असतात, त्यामुळे तिथे बहुमत कधी होऊच शकत नाही. एक तर सर्वसहमती, नाही तर एकाची सत्ता. मधला मार्ग नाही. आणि गंमत अशी की आमच्याकडचे अनेक पुरुष ग्रामसभेत सर्वसहमती शिकलेले आहेत. बांबूच्या लिलावावर चार-चार तास शांतपणे दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस घरी येऊन एका वाक्यात निकाल देतो. त्याला ऐकायची कला येत नाही असं नाही. ती घरातही लागू आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

एका गावातलं जोडपं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तो वनहक्क समितीत, ती 'आशा' म्हणून काम करणारी, बारावी झालेली. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता. त्यासाठी दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी राहावं लागणार. घरी दोन मुलं आणि सासू. तो चांगला माणूस आहे, हात उगारणारा नाही. त्याने एवढंच म्हटलं, 'तू तिकडं गेली तं घर कोन पाहीन? घराचं भलं पाहाले पाहिजे ना.' ती म्हणाली, 'घराचं भलं म्हनता, मंग मी घरात येत नाई का जी?'

हे ती माझ्याजवळ बोलली तेव्हा आम्ही ठरवलं की ग्रामसभेची रीत घरी चालवून बघायची. त्याला ती माहीतच होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. हंगामात रात्री तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला दोघं समोरासमोर बसायचे. हात कामात, तोंड मोकळं. काही रात्री फक्त अभ्यास, निर्णय नाही. कोण किती कामं करतं ते मोजलं. कोर्सला खर्च किती, नंतर पगार किती, मुलांना कोण बघेल, सासूची भीती नेमकी कशाची, आणि त्याची स्वतःची भीती कशाची. ती शिकून पुढे जाईल आणि आपण गावात राहू, हे तो तिसऱ्या की चौथ्या रात्री बोलला. निर्णयाचा दबाव असता तर ते तोंडातून निघालंच नसतं.

शेवटी सहमती झाली ती अशी : त्या वर्षी नाही, कारण धाकटा दोन वर्षांचा होता आणि तिलाही त्याला सोडवत नव्हतं. पुढच्या वर्षी जायचं. तोवर पाण्याचं आणि आईच्या औषधाचं काम त्याने अंगावर घ्यायचं. हे सगळं एका वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी ती गेली. पण गोष्ट इतकी गोड नाही. पाण्याचं काम त्याने दोन महिने केलं आणि मग ते हळूच त्याच्या धाकट्या बहिणीकडे सरकलं. एका बाईची वाट मोकळी झाली आणि दुसऱ्या पोरीच्या डोक्यावर गुंड चढला. वहीत लिहिलेलं होतं म्हणून ते पकडता आलं, नाही तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यावर पुन्हा बसून बोलावं लागलं. सासू माझ्याशी आजही धड बोलत नाही.

यावर काही मैत्रिणींचा आक्षेप मी ऐकला आहे. घरात सर्वसहमती म्हणजे कामं अडून राहणार, कोणी तरी शेवटचा शब्द घ्यायलाच हवा. मी विचारते, तो 'कोणी तरी' आजवर कोण होता? आणि त्याच्या शब्दाने अडलेली बाईची कामं किती? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. बाई गप्प बसेल आणि तो म्हणेल, झाली सहमती. म्हणून मौनाला संमती मानायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला पाहिजे. ग्रामसभेतही मागे बसलेल्या बायकांना नाव घेऊन विचारावं लागतं. घरातही तिने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय ते हो नाही.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, विशेषतः समुपदेशन करणाऱ्या कार्यकर्त्यांना. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे ही रीत चालवायची नाही. ज्या माणसाच्या हाताची भीती वाटते त्याच्याशी सहमती होत नसते. तिथे आधी बाईची सुरक्षितता, मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, माहेर, गट, जे हाताशी असेल ते. 'दोघं बसून बोला, संसार आहे' असं म्हणून बाईला त्याच घरात परत पाठवणारे समेट आपण खूप पाहिले आहेत. संवाद हा शब्द बाईला गप्प करायला वापरला जात असेल, तर आपण तो तिथे वापरू देऊ नये.

पण जिथे मारहाण नाही, जिथे माणूस बरा आहे आणि तरीही निर्णय त्याचाच आहे, अशी घरं कितीतरी जास्त आहेत. आपली चळवळ तिथे कमी पोचली. आपण अत्याचाराविरुद्ध लढायला शिकलो ते योग्यच झालं. आता बऱ्या माणसाच्या घरातही बाईच्या 'नाही'ला जागा मिळवून द्यायची आहे.

त्यासाठी आपापल्या गटात तीन कामं करता येतील असं मला वाटतं. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या घरांत जाऊन त्यावर बाईचं नाव आहे का ते तिला स्वतःला वाचून दाखवणं, आणि नसेल तर दुरुस्तीचा अर्ज करणं. बचतगटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा 'माझ्या नाहीने काय थांबलं?' एवढाच विषय ठेवणं. आणि ग्रामसभेच्या प्रशिक्षणात पुरुषांना सर्वसहमती शिकवली जाते तेव्हा उठून विचारणं, की भाऊ, ही घरी चालू करता का?

तुमच्या भागात काय अनुभव आला ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. जमलं ते लिहा, आणि बसवलेलं कुठे मोडलं तेही लिहा.